एका पेढीच्या दोन गाड्या

अष्टकोनी चौकटीत एम.जी. ही दोन अक्षरे मिरवणाऱ्या मोटारी गेल्या काही वर्षांत आपल्या रस्त्यांवर बऱ्याच दिसू लागल्या आहेत. उंच बांध्याच्या, प्रशस्त आणि कुटुंबाला सोयीच्या अशा या गाड्या २०१९ पासून गुजरातेतील हलोल येथे तयार होतात. चीनमधील सैक ही कंपनी आणि मुंबईचा जे.एस.डब्ल्यू. समूह यांची त्यात भागीदारी आहे. नाव मात्र ना चिनी, ना भारतीय. शंभर वर्षांपूर्वी इंग्लंडातील ऑक्सफर्ड गावी उभ्या राहिलेल्या 'मॉरिस गॅरेजेस' या दुकानाची ती आद्याक्षरे आहेत, आणि ज्या गाड्यांमुळे ती जगभर पोहोचली त्यांचा आजच्या एम.जी.शी आकाराचाही संबंध उरलेला नाही. त्या दोन आसनांच्या, कापडी टपाच्या, बुटक्या क्रीडामोटारी होत्या.

या स्तंभाचा नेहमीचा विषय पैसा, पत आणि हिशेब हा आहे. मोटारींची तुलना पाहून लेखक वाट चुकला की काय, अशी शंका काही वाचकांच्या मनात येईल. परंतु या पेढीच्या दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या केल्या, तर नाव कसे कमावले जाते आणि कमावलेले नाव कसे खर्ची पडते, याचा जणू खतावणीचा उताराच समोर येतो. पहिली गाडी १९४५ ची टी.सी. आणि दुसरी १९६२ ची एम.जी.बी.

प्रथम थोडी पूर्वपीठिका. विल्यम मॉरिस हे इंग्लंडचे मोठे मोटार-उत्पादक. त्यांच्या ऑक्सफर्डच्या विक्री-दुरुस्तीच्या दुकानाचे व्यवस्थापक सेसिल किंबर यांनी साध्या मॉरिस गाड्यांच्या सांगाड्यावर देखणी, हलकी शरीरे चढवून विकण्यास आरंभ केला. माल घरचाच होता. त्यावरील संस्कार तेवढे नवे होते. मागणी वाढली आणि १९२९ मध्ये ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन येथे स्वतंत्र कारखाना सुरू झाला. १९३५ मध्ये ही पेढी मॉरिस मोटर्स या मोठ्या कंपनीत सामावली गेली. युद्धकाळात, १९४१ मध्ये, किंबर यांना पायउतार व्हावे लागले आणि ४ फेब्रुवारी १९४५ रोजी लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकातील रेल्वे अपघातात त्यांचा अंत झाला. त्यांनी घडवलेल्या परंपरेतील सर्वांत नामांकित गाडी त्यानंतर काही महिन्यांनी बाजारात आली. ती पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

आपल्याकडे टी.सी. म्हटले की रेल्वेचा तिकीट तपासनीस आठवतो. पण १९४५ च्या शरदात अवतरलेली ही टी.सी. म्हणजे युद्धापूर्वीच्या टी.बी. या गाडीचीच थोडी ऐसपैस आवृत्ती होती. बसण्याची जागा चार इंचांनी रुंद केली, स्प्रिंगांच्या जोडणीत सुधारणा केली आणि गाडी विक्रीस काढली. नवा आराखडा आखण्यास ना वेळ होता, ना पैसा. ॲश वृक्षाच्या लाकडाच्या चौकटीवर पत्रा ठोकून केलेले शरीर, एकोणीस इंच व्यासाची तारांची चाके, कोपर बाहेर टेकता यावे म्हणून वरून खोलगट कापलेले दरवाजे, पुढे आडवी पाडता येणारी काच, मागे चौकोनी पेट्रोलची टाकी आणि तिला बांधलेले जादा चाक, असे तिचे रूप होते. इंजिन १२५० घनसेंटिमीटरचे, शक्ती ५४ अश्वशक्ती, कमाल वेग ताशी सुमारे १२० किलोमीटर. पुढचा-मागचा आस अखंड आणि स्प्रिंगा कडक असल्याने रस्त्यावरील प्रत्येक खड्ड्याची वार्ता चालकाच्या पाठीपर्यंत पोहोचत असे. खिडक्यांना काचा नव्हत्या; पाऊस आला की कापडी पडदे लावायचे. करासह किंमत सुमारे ४८० पौंड होती.

अशी जुनाट गाडी विकली कशी गेली, हे समजून घेण्यासाठी त्या काळचे इंग्लंड पाहिले पाहिजे. युद्ध जिंकलेला तो देश कर्जात बुडाला होता. डॉलर मिळवणे ही राष्ट्रीय निकड होती आणि सरकार पोलादाचे वाटप करताना कारखाना किती माल निर्यात करतो ते पाहत असे. परदेशी विकले तरच कच्चा माल मिळणार, म्हणून ॲबिंग्डनच्या छोट्या कारखान्याने जे हाती होते तेच जगापुढे ठेवले. १९४५ ते १९४९ या काळात सुमारे १०,००० टी.सी. तयार झाल्या. त्यांतील अमेरिकेत गेल्या केवळ दोन हजारांच्या आसपास, आणि त्याही उजव्या बाजूला सुकाणू असलेल्या. अमेरिकेच्या रस्त्यांसाठी ते उलटेच. डाव्या सुकाणूची टी.सी. कारखान्याने कधी काढलीच नाही.

तरीही त्या दोन हजार गाड्यांनी जे केले ते लाखोंच्या जाहिरातींना साधले नसते. अमेरिकन मोटारी तेव्हा दिवाणखान्यासारख्या लांबरुंद आणि मऊ होत्या. त्यांच्या शेजारी ही चिमुकली, हाताच्या इशाऱ्यासरशी वळणारी गाडी उभी राहिली आणि मोटार चालवणे हाच एक आनंद असू शकतो, हे तेथील तरुणांना उमगले. फिल हिल या कॅलिफोर्नियाच्या तरुणाने आपल्या शर्यतींचा श्रीगणेशा टी.सी.मध्ये केला, पुढे १९६१ मध्ये तो फॉर्म्युला वनचा जगज्जेता झाला. कॅरोल शेल्बी यांनी १९५२ मध्ये एका मित्राची टी.सी. मागून घेऊन शर्यत जिंकली. पुढे त्यांचे नाव अमेरिकेच्या क्रीडामोटारींच्या इतिहासात कायमचे कोरले गेले. या पेढीने विक्री थोडी केली, पण विकलेल्या प्रत्येक गाडीने दहा जणांना गिऱ्हाईक होण्याची इच्छा दिली. ताळेबंदात ज्याला आपण नावलौकिक म्हणतो, त्या खात्यात ही मोठी रक्कम जमा झाली.

त्या जमेची पहिली वसुली लगेच झाली. सप्टेंबर १९४९ मध्ये ब्रिटनने पौंडाचे मूल्य ४.०३ डॉलरवरून २.८० डॉलरवर आणले. अमेरिकन ग्राहकाला इंग्रजी माल एकदम स्वस्त झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस टी.सी.च्या जागी आलेल्या टी.डी.ला डाव्या बाजूचे सुकाणूही मिळाले आणि पुढच्या चाकांना स्वतंत्र स्प्रिंगाही. चार वर्षांत जवळजवळ ३०,००० टी.डी. विकल्या गेल्या व त्यांतील बहुतांश अमेरिकेत गेल्या. त्यानंतर १९५५ ची गोलाईदार एम.जी.ए. लाखभर खपली. प्रत्येक वेळी जुनी गाडी बाजारात असतानाच नवीची तयारी चालू होती, ही गोष्ट आपण ध्यानात ठेवू.

सप्टेंबर १९६२ मध्ये एम.जी.बी. आली, आणि दोन युगांतील अंतर तिच्याकडे पाहताच कळते. लाकूड गेले, वेगळा सांगाडाही गेला. पोलादी शरीर हाच सांगाडा झाला. इंजिन १७९८ घनसेंटिमीटरचे, शक्ती ९५ अश्वशक्ती, वेग ताशी १६० किलोमीटरच्या वर. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक, दरवाज्यांना वर-खाली होणाऱ्या काचा आणि कुलूप, सामानासाठी झाकणाची जागा. लंडनहून निघून स्कॉटलंडला पोहोचेपर्यंत पाठ शाबूत राहील, अशी ही क्रीडामोटार होती. किंमत करापूर्वी ६९० पौंड आणि करासह सुमारे ९५० पौंड. मोजमापाच्या प्रत्येक रकान्यात ती टी.सी.च्या पुढे होती.

मात्र दोघींच्या घडणीतील काटकसर एकाच घराण्याची होती. टी.सी.चे इंजिन मॉरिस टेन या घरगुती गाडीच्या इंजिनापासून वाढवलेले होते. हीच मॉरिस टेन आपल्याकडे हिंदुस्थान टेन म्हणून आली. एम.जी.बी.चे इंजिन ज्या बी मालिकेतले, त्याच मालिकेचे १४८९ घनसेंटिमीटरचे भावंड आपल्या अँबॅसिडरमध्ये वर्षानुवर्षे धडधडत होते. म्हणजे ज्या क्रीडामोटारींवर अमेरिकेतील तरुण जीव टाकत होते, त्यांचे हृदय आपल्या टॅक्सीवाल्यांच्या चांगल्या ओळखीचे होते. खर्च कोठे करायचा आणि कोठे वाचवायचा, याचे हे तारतम्य व्यापारी मनाला पटण्यासारखे आहे.

दुसरे उदाहरण आणखी बोलके आहे. पोलादी शरीराचे साचे फार महाग असतात, आणि लहान कारखान्याच्या तिजोरीला तो भार एकदम झेपणारा नव्हता. ॲबिंग्डनचे प्रमुख जॉन थॉर्नली यांनी शरीरे पुरवणाऱ्या प्रेस्ड स्टील कंपनीशी असा ठराव केला की साच्यांचा आरंभीचा आकार कमी घ्यावा आणि त्याची भरपाई म्हणून प्रत्येक शरीरामागे दर थोडा अधिक लावावा. भांडवली खर्च अशा रीतीने चालू खर्चात विभागला गेला. गाडी थोडी खपली असती तर जोखीम कमी राहिली असती. पण ती तर अफाट खपली. मागे उतरते छत आणि उघडणारे दार असलेली जी.टी. ही आवृत्ती १९६५ मध्ये जोडीला आली. अठरा वर्षांत दोन्ही मिळून पाच लाखांहून अधिक गाड्या कारखान्याबाहेर पडल्या. टी.सी.च्या पन्नास पट!

आता कोणी विचारील, मग श्रेष्ठ कोणती? चालवण्याच्या दृष्टीने उत्तर सोपे आहे. टी.सी. ही सणासुदीला, उन्हाचा दिवस पाहून, रिकाम्या रस्त्यावर काढायची गाडी. तिचे सुकाणू सतत सांभाळावे लागते आणि अरुंद टायर रस्त्याच्या प्रत्येक चरीचा माग काढतात. एम.जी.बी. आजही रोजच्या वापराला चालेल. पण आपण ही तुलना चालकाच्या आसनावरून करण्याऐवजी गल्ल्यावर बसून करू लागलो, की प्रश्न अवघड होतो. कारण १९६२ ची एम.जी.बी. आणि १९८० ची एम.जी.बी. या नावाने एक असल्या तरी पतीने एक नव्हत्या.

मोटारीचा एखादा नमुना साधारणपणे सहा-सात वर्षांत जुना होतो. एम.जी.बी.च्या जागी घेण्यासारखी नवी गाडी ॲबिंग्डनच्या मंडळींनी आखली होती. एकदा साठच्या दशकाच्या मध्यास, आणि पुन्हा दशक सरताना. दोन्ही प्रस्ताव वरून रद्द झाले. १९६८ मध्ये अनेक मोटार कंपन्या एकत्र करून ब्रिटिश लेलँड हा अवाढव्य समूह उभा राहिला होता. त्याच्या घरात अनेक तोंडे होती आणि अनेक आजारपणे. ॲबिंग्डनची कमाई सामायिक पिशवीत जाई. नव्या क्रीडामोटारीसाठी पैसा निघाला तेव्हा तो ट्रायम्फ या दुसऱ्या शाखेच्या टी.आर. सेव्हनला मिळाला. आश्चर्य म्हणजे ॲबिंग्डन हा त्या समूहातील कमी तंट्याचा, सलोख्याने चालणारा कारखाना होता. कमावत्या मुलाकडून घेत राहायचे आणि त्याच्या अंगावरच्या कपड्यांकडे पाहायचे नाही, असा तो प्रकार होता.

दरम्यान अमेरिकेत सुरक्षितता आणि धूर यांविषयीचे नियम कडक झाले. १९७४ च्या अखेरीपासून एम.जी.बी.ला चकचकीत पोलादी बंपरांऐवजी काळे, जाडजूड रबरी बंपर आले. दिव्यांची ठरावीक उंची गाठण्यासाठी संपूर्ण गाडी सुमारे दीड इंच वर उचलण्यात आली. बुटकेपणा हा जिच्या स्थैर्याचा आधार, ती गाडी वळणावर झुकू लागली; हा दोष काही वर्षांनी दुरुस्त करण्याचा प्रयत्न झाला, तोही अर्धामुर्धा. अमेरिकेसाठीच्या इंजिनाला दोनऐवजी एकच कार्ब्युरेटर उरला आणि शक्ती ९५ वरून ६२-६३ अश्वशक्तीवर घसरली. तीस वर्षांपूर्वीच्या टी.सी.पेक्षा ती आठ-नऊच अश्वशक्तींनी पुढे होती, आणि वजन मात्र कितीतरी अधिक. नव्या गाडीसाठी पैसा न देता जुन्या गाडीला ठिगळे लावण्याचा हा परिणाम होता. तरी लोक ती घेतच होते. का, तर पूर्वपुण्याई! टी.सी.ने पेरलेले आणि सुरुवातीच्या एम.जी.बी.ने वाढवलेले नाव अजून फळ देत होते.

शेवटी पौंडानेच घाव घातला. १९७६ च्या अखेरीस एका पौंडाला सुमारे १.६० डॉलर पडत. १९८० च्या अखेरीस तो भाव २.४० च्या आसपास गेला. केवळ समजण्यासाठी असे धरू की एका गाडीमागे कारखान्याच्या हाती ५,००० डॉलर येत. पहिल्या भावाने त्याचे ३,१२५ पौंड होतात. दुसऱ्या भावाने २,०८३. गाडी तीच, ग्राहकाने मोजलेले डॉलर तेच, आणि घरी आलेल्या रकमेतून हजाराहून अधिक पौंड गायब. १९४९ मध्ये ज्या विनिमयदराने या पेढीला वर उचलले, त्यानेच तीस वर्षांनी तिला खाली ओढले. माल एकाच परदेशी बाजारावर अवलंबून ठेवणाऱ्याने हे गणित अभ्यासिकेच्या भिंतीवर लावून ठेवावे.

अमेरिकेत विकलेल्या प्रत्येक एम.जी.बी.मागे ९०० पौंडांचा तोटा होतो, असे कंपनीच्या धुरीणांनी जाहीर केले. हा आकडा तेव्हापासून वादाचा विषय आहे. ज्यांनी परिव्यय लेखांकन शिकले आहे त्यांना वादाचे मूळ लगेच कळेल. एका नगामागील तोटा हा दोन गोष्टींवर ठरतो: कोणता विनिमयदर धरला, आणि समूहाच्या सामायिक खर्चाचा किती वाटा त्या नगावर टाकला. दहा दुकानांच्या मालकाने मुख्य कार्यालयाचा खर्च एका दुकानावर जरा जास्त मांडला, तर ते दुकान कागदावर तोट्यात जाते. म्हणून कोणतीही शाखा बंद करण्यापूर्वी एक साधा प्रश्न विचारावा: ही शाखा उद्या नसली तर कोणता खर्च खरोखर थांबेल, आणि कोणता तसाच राहून दुसऱ्यांच्या डोक्यावर बसेल?

सप्टेंबर १९७९ मध्ये ॲबिंग्डन गावाने कारखान्याची पन्नाशी थाटात साजरी केली. उत्सवाचे तोरण उतरते न उतरते तोच, सोमवारी १० सप्टेंबरला, येथील एम.जी.चे उत्पादन थांबवण्याचा निर्णय जाहीर झाला. हजाराहून अधिक कामगारांच्या चुली त्या कारखान्यावर होत्या. ॲस्टन मार्टिनच्या पुढाकाराने एका गटाने पेढी विकत घेण्याचा प्रयत्न केला; तो फसला. ऑक्टोबर १९८० मध्ये शेवटची एम.जी.बी. बाहेर पडली आणि दारे बंद झाली.

दुचाकी क्रीडामोटारीचा, म्हणजे दोनच माणसांच्या उघड्या गाडीचा, जमानाच संपला होता, असे समर्थन तेव्हा करण्यात आले. त्याला उत्तर नऊ वर्षांनी जपानमधून आले. १९८९ मध्ये माझदा कंपनीने एम.एक्स. फाइव्ह ही हलकी, दोन आसनांची, कापडी टपाची, माफक किमतीची गाडी काढली. कृती जुन्या इंग्रजी गाड्यांचीच होती; फक्त इंजिन पहाटेच्या थंडीत सुरू होत असे आणि टपातून पाणी गळत नसे. २०१६ मध्ये तिचा दहा लाखावा नग तयार झाला. गिऱ्हाईक कोठे गेले नव्हते. दुकानाला कुलूप लागले होते, इतकेच.

एम.जी. हे नाव पुढे हातोहाती फिरले. १९८२ मध्ये ते लहान घरगुती मेट्रो गाडीवर चिकटवले गेले. जुने साचे शोधून १९८८ पासून एम.जी.बी.ची नवी कोरी शरीरे पुन्हा तयार होऊ लागली, आणि त्या पायावर १९९२ मध्ये एक शक्तिशाली आवृत्तीही निघाली. तिचे बहुतेक ग्राहक जपानी होते. २००५ मध्ये एम.जी. रोव्हर कंपनी कोसळली, नाव चीनला गेले आणि तेथून फिरत फिरत हलोलला आले. आज ते ज्यांच्या हाती आहे त्यांनी ते पैसे मोजून घेतले आहे. याचा अर्थ, त्या दोन अक्षरांना अजून मोल आहे. ते मोल निर्माण करणारे मात्र त्यात कोठेच नाहीत.

वाचकहो, नाव ही मुदतठेव आहे असे समजावे. तिचे व्याज घरखर्चाला वापरण्यास कोणाची हरकत नसते. धोका असा की नावाच्या ठेवीतून मुद्दल काढले तरी पासबुकात नोंद उमटत नाही. ग्राहक आणखी काही वर्षे येतच राहतो, विक्री दिसते, आणि मुलाबाळांना वाटते की आजोबांनी लावलेली पाटी आपोआप धंदा देते. टी.सी.च्या काळात हाती काहीच नव्हते, तरी विकलेल्या प्रत्येक नगातून पुढच्या नगासाठी काही शिल्लक टाकली गेली. एम.जी.बी.च्या उत्तरार्धात हाती अर्ध्या जगाचा लौकिक होता आणि शिल्लक टाकायचे राहून गेले. हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर यंत्रांवरचा घसारा पुस्तकात लिहिला गेला, पण नवे यंत्र घेण्यासाठी पैसा बाजूला ठेवला गेला नाही. पुस्तकात किंमत शून्य झालेले यंत्र फुकटचा नफा देते असे भासते. खरे तर ते आपल्याला मुदत देत असते.

येत्या दिवाळीत नवी वही उघडाल तेव्हा नफ्याच्या आकड्याखाली एक ओळ आणखी लिहून पाहा: यंदाच्या विक्रीत किती गिऱ्हाईक आजच्या मालावर आले आणि किती केवळ जुन्या पाटीवर. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा दरवर्षी वाढत असेल, तर नव्या गाडीचा आराखडा करण्याची वेळ आली आहे.